झांपो कुठे गेला?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी आपल्या पेपरात शहरातल्या आदिवासी कलेच्या प्रदर्शनाची बातमी वाचली. फोटो पण मोठा छापलाय तुम्ही, दीपप्रज्वलनाचा, त्यात पाहुणे आहेत, आयोजक आहेत, एक मॅडम आहेत ज्यांना बातमीत क्युरेटर म्हटलंय, आणि सगळ्यांच्या पाठीमागे भिंतीवर पिठोऱ्याचे, म्हणजे छोटा उदेपूरकडचे राठवा आदिवासी देवासाठी घराच्या भिंतीवर जे चित्र काढतात त्याचे, लाल-पिवळे घोडे आहेत. ज्याने ते घोडे काढले तो माणूस फोटोत नाही. म्हटलं बातमीत तरी असेल, तर तिथे "राठवा समाजाच्या कलाकारांनी साकारलेली चित्रे" एवढंच. बातमी चहा गार होईपर्यंत दोन-तीनदा वाचली आणि मग ठरवलं की लिहायचंच, कारण या प्रकारात मी स्वतः पण एकदा हात घालून बसलोय.

मी काही कलेतला जाणकार वगैरे नाही. दांडिया बाजारात फ्रेमचं दुकान आहे, वडिलांच्या वेळचं. लग्नाचे फोटो, दत्त-गणपतीच्या तसबिरी, डिग्रीची सर्टिफिकेटं, गेलेल्या माणसाचा हार घालायचा फोटो जो लोकांना नेहमी त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत हवा असतो, आणि आपल्या मराठी घरांतून दर दोन-चार महिन्यांनी एखादे सयाजीराव महाराज, असं आमचं काम. शिवाय युनिव्हर्सिटीच्या फाइन आर्ट्स कॉलेजची पोरं येतात, उधारी ठेवतात, काही मोठी होऊन फेडायला पण येतात. आणि गेली वीसेक वर्षं पिठोरा येतो. आधी वर्षाला एखादा यायचा, आता कुणाच्या ऑफिसच्या लॉबीसाठी, कुणाच्या हॉटेलसाठी, कुणाच्या मुलाला अमेरिकेत गिफ्ट पाठवायला असा सारखा येत असतो.

तर नऊ-दहा वर्षांपूर्वीची गोष्ट. एका प्रदर्शनाच्या ऑर्डरमध्ये माझ्याकडे सोळा पिठोरे आले, कापडावर केलेले, साधारण चार बाय तीन फुटाचे. कोणाचं प्रदर्शन ते सांगत नाही, नाव काढून काय करायचंय. वेळ कमी होता, पट्टी काळी, माउंट (चित्राभोवती बसवतो तो पुठ्ठा) हस्तिदंती, काच साधी, असा सगळा हिशोब फोनवर झाला. कापडावरचं चित्र असलं की कडा कधी सरळ नसतात, म्हणून आम्ही माउंट चित्रावर थोडं चढवतो, चारी बाजूंनी सव्वा-दीड इंच, म्हणजे वाकडंतिकडं सगळं झाकलं जातं आणि फिनिशिंग मस्त दिसतं. तसंच केलं. सोळाच्या सोळा ओळीने भिंतीला टेकवून ठेवले आणि खरं सांगतो, स्वतःवरच खूष झालो.

दुसऱ्या दिवशी त्या चित्रांपैकी काही ज्याने काढली होती तो लखारो दुकानात आला, कामं कशी झाली बघायला. पिठोरा काढणाऱ्याला राठवा लोक लखारो म्हणतात, म्हणजे लिहिणारा. पिठोरा काढत नाहीत, लिहितात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पन्नाशीचा माणूस, हातात प्लास्टिकची पिशवी, चपला बाहेर काढून आत आला. सगळ्या फ्रेम हळूहळू बघत गेला, मग एकीपुढे उकिडवा बसला आणि काचेवर खाली मधोमध बोट ठेवून म्हणाला, "काका, झांपो क्यां गयो?"

झांपो म्हणजे गावाचं, शेताचं फाटक. पिठोऱ्याच्या चारी बाजूंनी जी नक्षीची पट्टी असते तिला मी इतकी वर्षं डिझाइन समजत होतो, साडीचा काठ असतो तसं. ती डिझाइन नाही, ती हद्द आहे. तिच्या आत अख्खं जग वसलंय, वर सूर्य-चंद्र, मधे पिठोरादेवाच्या लग्नाचं वऱ्हाड घोड्यांवरून चाललंय, खाली नांगर, विहीर, पाणी भरणाऱ्या बायका, ताडावर चढलेला माणूस, माकडं, आणि तळाच्या पट्टीत मधे एक जागा मोकळी सोडलेली असते, दोन बाजूंना दोन वाघ राखणीला. तिथून आत यायचं. मी दीड इंचाच्या माउंटने सोळा गावांची फाटकं बुजवली होती, आणि वाघ अर्धे.

तो चिडला वगैरे नाही. मीच ओशाळून विचारलं की अरे हे तर कापडावरचं आहे, विकायचं आहे, यात देव थोडाच असतो? तर म्हणाला नाही, यात देव नाही, बडव्याने, म्हणजे त्यांच्या पुजारी-भगताने, बोलावल्याशिवाय देव येत नाही, हा नमुना आहे. मग म्हटलं फाटकाचं एवढं काय? तो हसला आणि म्हणाला की देव नसलेले घोडे मी विकतो काका, पण फाटक नसलेलं गाव मी करत नाही.

सोळा माउंट परत कापायला वेळ नव्हता. आयोजकांना फोन केला तर त्यांचं म्हणणं, अहो दिसतंय छान, राहू द्या, कोणाला कळतंय. आणि मी राहू दिलं. हे कबूल करायलाच एवढं लांब पत्र लिहितोय असं समजा.

उद्घाटनाला मला पण बोलावणं होतं. लखाऱ्याला एका कोपऱ्यात बसवला होता, चहाच्या टेबलाजवळ, लाइव्ह डेमो म्हणून, पोरं त्याच्याबरोबर सेल्फी काढत होती. चित्रांखाली कार्डं लावलेली, त्यावर "पिठोरा, राठवा जमात, छोटा उदेपूर, कापडावर अॅक्रिलिक". नाव एकाचंही नाही. आणि बाहेर आभाराचा मोठा बोर्ड होता त्यावर स्पॉन्सर, क्युरेटर, कॅटरर आणि शेवटच्या ओळीत माझ्या दुकानाचं नाव, ठळक अक्षरात! ज्याने फाटकं बुजवली त्याचं नाव बोर्डावर. बायकोला फोटो पाठवला होता मी कौतुकाने, तिने उलट विचारलं, आणि त्या राठवाभाईंचं नाव कुठेय? तेव्हा कुठे ट्यूब पेटली.

त्याच हिवाळ्यात त्याने गावी बोलावलं, त्यांच्या नात्यात एका घरी पिठोरा लिहायचा होता. बडोद्याहून तेजगढ नव्वदेक किलोमीटर, तिथून पुढे आत. आपल्यापैकी बऱ्याच जणांना छोटा उदेपूर म्हणजे डोलोमाइटच्या पांढऱ्या धुळीचा रस्ता एवढंच माहीत असतं. गायकवाडीत तो भाग नव्हताच, वेगळं संस्थान होतं, पण नंतर २०१३ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात होता की, मग वेगळा जिल्हा झाला. तेवढ्या वर्षांत आपण तिथे किती वेळा गेलो? पावागढला शंभर वेळा गेलोय मी.

तिथे जे बघितलं ते डोक्यातून जात नाही. घरात काही तरी अडलेलं असतं, गुरं मरतात, पीक जातं, कोणी आजारी पडतं, मग घरधनी बडव्याकडे जातो आणि नवस बोलतो की पिठोरा लिहवीन. ऐपत झाली की लिहवतो, कधी त्यात वर्षं जातात. ओसरीच्या आतल्या भिंतीला आधी कुमारिका मुली शेणाने आणि पांढऱ्या मातीने लिंपतात, ते वाळल्यावर लखारे बसतात, चार-पाच जण, रंगात दूध आणि मोहाची दारू, ब्रश म्हणजे काडीचं टोक ठेचून केलेला. बाहेर ढोल. आणि बडवो सगळ्यांचं गाणं गात बसतो, म्हणजे एकेका देवाचं, एकेका घोड्याचं. लिहून झालं की त्याच्या अंगात येतं, आणि तो भिंतीसमोर उभा राहून एकेक आकृती तपासतो, हा कोण, हा आला का, ही राणी काजल कुठेय, बारा डोक्यांचा कुठेय. त्या रात्री एक काही तरी राहिलं होतं, मला नीट कळलं नाही काय, पण बडव्याने भिंतीवर काठी टेकवली आणि लखारो निमूटपणे उठला, वाटी घेतली आणि तिथे जाऊन लिहिलं. सगळं घर थांबलं होतं, ढोल पण. मग बडव्याने मान हलवली आणि ढोल परत सुरू.

मी तिथेच भिंतीला टेकून बसलेलो, थंडी मरणाची, आणि मनात आलं की आपल्या शहरात ज्याला क्युरेटर म्हणतात तो यांच्याकडे कधीपासून आहे की. काय यायला हवं, कुठे यायला हवं, काय चुकलं, कधी पूर्ण झालं, हे ठरवणारा माणूस आहे, ऑर्डर देणारा घरधनी आहे, हात चालवणारे लखारे आहेत, आणि भिंत तयार करणाऱ्या पोरी आहेत ज्यांच्याशिवाय काहीच उभं राहत नाही. एवढी सगळी व्यवस्था असताना आपण त्यांना फक्त कलाकार म्हणून, ते पण बिननावाचे, आणतो आणि बाकीची सगळी खुर्च्यांवरची कामं आपली आपण वाटून घेतो.

अजून एक. पुढचा नवस आला की त्याच भिंतीवर परत लिंपतात आणि नवा पिठोरा लिहितात, जुना खाली जातो. मला हळहळ वाटली, म्हटलं एवढं सुंदर काम! घरातल्या म्हातारीला माझ्या हळहळीचं हसू आलं. आपण काच लावून जपणारे, माझा तर धंदाच तो.

आता कोणी म्हणेल हे सगळं गावाकडे ठीक आहे, शहरात प्रदर्शन म्हणजे वेगळी गोष्ट, त्याला ट्रेनिंग लागतं. लागतं ना, नाही कोण म्हणतंय. आणि ट्रेनिंगच म्हणाल तर आपल्याच बडोद्यात ते मिळतं, फाइन आर्ट्स १९५० ची, म्युझिऑलॉजीचा, म्हणजे म्युझियम कसं चालवायचं ते शिकवणारा, विभाग १९५२ पासून, देशात असा पहिला, बडोदा म्युझियम तर १८९४ चं. याच शहरातले चित्रकार ज्योती भट्ट यांनी साठच्या दशकापासून खेडोपाडी फिरून भिंतीवरच्या चित्रांचे फोटो काढून ठेवले नसते तर कितीतरी गोष्टी गेल्याच असत्या, त्याबद्दल उपकारच मानले पाहिजेत. गणेश देवी इथेच युनिव्हर्सिटीत इंग्रजी शिकवायचे, त्यांनी १९९६ मध्ये भाषा संस्था सुरू केली आणि त्यातून तेजगढला आदिवासी अकादमी उभी राहिली, तिथल्या म्युझियमचं नावच "वाचा" आहे, म्हणजे ज्याचं त्याने बोलायचं. म्हणजे रस्ता नव्वद किलोमीटरवर तयार आहे. मग शहरात कमिटी बसते तेव्हा तिथून एकाला फोन करायला काय होतं?

माझी लेक फाइन आर्ट्सला शिकली, आता बाहेर असते, तिच्याशी या विषयावर भांडणं होतात फोनवर, चांगली. ती सांगते की ऑस्ट्रेलियात पापुन्या नावाच्या ठिकाणी १९७१ मध्ये तिथल्या आदिवासी वडीलधाऱ्यांनी शाळेच्या भिंतीवर चित्र काढलं आणि पुढच्याच वर्षी स्वतःची कंपनी काढली, मालक चित्रकारच, ती अजून चालू आहे. सुरुवातीच्या चित्रांत काही अशा गोष्टी आल्या की ज्या बाहेरच्यांनी बघायच्या नसतात, त्यावरून त्यांच्यातच वाद झाला, आणि मग चित्रकारांनी तसलं दाखवणं बंद केलं, झाकायला लागले. म्हणजे काय दाखवायचं नाही हे पण त्यांनीच ठरवलं, मला हे फार आवडलं. व्हेनिसला मोठं प्रदर्शन भरतं त्यात नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंडने २०२२ मध्ये आपला मंडप तिथल्या सामी आदिवासी लोकांना दिला आणि मंडपाचं नाव पण बदलून सामी केलं. आणि अमेरिकेत जानेवारी २०२४ पासून नियम असा की तिथल्या मूळ लोकांचे मानवी अवशेष आणि पूजेच्या वस्तू म्युझियमने मांडायच्या आधी त्यांची परवानगी घ्यायची, तर न्यूयॉर्कच्या मोठ्या नॅचरल हिस्टरी म्युझियमने दोन दालनं बंदच करून टाकली. मी तिला म्हटलं, बाई, ते श्रीमंत देश आहेत. ती म्हणाली, बाबा, कार्डावर नाव लिहायला किती खर्च येतो? गप्प बसलो.

आपल्याकडे काहीच झालं नाही असं पण नाही. भोपाळला भारत भवन हे कलाकेंद्र बांधत होते तेव्हा झाबुआकडची भिल्ल भूरीबाई तिथे मजुरी करत होती, चित्रकार जे. स्वामिनाथननी तिला चित्र काढायला सांगितलं. आता पिठोऱ्याचा घोडा बायकांनी काढायचा नाही अशी रीत, तर तिने बाकीचं तिच्या मनातलं काढलं, आणि २०२१ मध्ये पद्मश्री. आपल्या छोटा उदेपूरच्या परेश राठवांना २०२३ मध्ये पिठोऱ्यासाठी पद्मश्री. इकडे वारलीचे जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये. आनंदच आहे. पण वारलीचंच बघा ना, भिंतीवरचा देवीचा चौक लग्नात मुळात बायका लिहायच्या, सवाशिणी, आणि आज वारली ज्या कपांवर, कुर्त्यांवर, सोसायटीच्या कंपाउंडवर असते त्यातली किती वारली लोकांनी काढलेली असते? जीआय, म्हणजे ही कला अमक्या भागाची असा सरकारी शिक्का, मिळाला २०१४ मध्ये, तरी माझ्या दुकानात लोक मोबाईलवरून प्रिंट काढलेली वारली फ्रेम करायला आणतात आणि ओरिजिनल आहे म्हणतात. एकदोघांना मान मिळाला म्हणजे सगळ्यांच्या हातात कारभार आला असं होत नाही.

पैशाचं पण बोलायला पाहिजे, आपण मराठी माणसं कलेत पैशाचं बोलायला लाजतो. आपल्या कॉपीराइट कायद्यात ५३-अ कलम आहे, लेकीनेच दाखवलं. मूळ चित्र दहा हजाराच्या वर परत विकलं गेलं तर काढणाऱ्याला त्यात वाटा मागता येतो, जास्तीत जास्त दहा टक्के. आता मला सांगा, ज्या चित्राच्या कार्डावर "राठवा जमात" लिहिलंय त्याचा वाटा मागायला कोण येणार? जमात? नाव नसणं म्हणजे नुसता मान जात नाही, पुढचा हिशोबच संपतो.

आणि हे पण लिहितो की त्यांच्यात सगळ्यांचं एकच मत असतं असं समजू नका, आपल्यात तरी कुठे असतं, आपल्या गणपती मंडळात मूर्तीच्या उंचीवरून दोन गट आहेत. एक लखारो म्हणतो कापडावर करून विकायला हरकत नाही, दुसऱ्याला ते पटत नाही. मुलींनी कापडावर घोडे काढायचे की नाही यावर घराघरात वाद आहेत, काही काढायला पण लागल्यात. बडव्याला लखाऱ्यांचं शहरात जाणं आवडतंच असं नाही. म्हणजे एका माणसाला बोलावून सही घेतली आणि समाजाची परवानगी झाली, असं करू नका. वेळ लागेल. त्यांना भांडू द्या, त्यांचं ते ठरवतील, आपण तारखा जरा लांबच्या घ्याव्यात. हॉल बुक करायच्या आधी त्यांच्याकडे जा, नंतर नको, नंतर गेलात की ते पाहुणे होतात. कार्ड राठवीत पण लिहा, गुजराती लिपीत लिहिता येतं, त्यांच्यातल्या शिकलेल्या पोरांना सांगा, पैसे देऊन. भिंत लिंपायला मुली आल्या तर त्यांची नावं घाला. आणि डेमोचा कोपरा प्लीज बंद करा, माणूस आहे तो, जत्रेतला फुगेवाला नाही, फुगेवाल्याशी पण आपण असं वागू नये म्हणा.

आपल्या पेपराला पण विनंती आहे संपादक साहेब, राग मानू नका. पुढच्या वेळी वार्ताहराला सांगा की फोटो काढायच्या आधी एक प्रश्न विचार, हे लिहिलं कोणी. उत्तर "समाजाने" असं आलं तर परत विचार.

ते सोळा पिठोरे प्रदर्शन संपल्यावर विकले गेले. त्यातले तीन मला पुढे शोधून सापडले, दोन अलकापुरीत आणि एक वाघोडिया रोडला एका डॉक्टरांकडे, तिघांनाही जाऊन भेटलो, सगळं सांगितलं आणि माउंट बदलून दिलं, बिल लावलं नाही. डॉक्टर म्हणाले अरे वा, वाघ पूर्ण दिसायला लागले. तेरा अजून बाहेर आहेत. हे पत्र वाचून कोणाला आपल्या घरातल्या पिठोऱ्याच्या तळाला बंद पट्टी किंवा अर्धे वाघ दिसले तर बहुतेक ते माझं काम असेल, काळी पट्टी, हस्तिदंती माउंट. घेऊन या, करून देतो. आणि आयोजक मंडळींना सांगतो की पिठोऱ्याची ऑर्डर मी आता फोनवर घेत नाही, ज्याने लिहिलाय त्याला बरोबर आणा, तो सांगेल तिथे टेप लावीन, चहा आणि शेव-उसळ माझ्याकडून. फक्त दुपारी एक ते चार येऊ नका, दुकान बंद असतं.

आपला,
एक फ्रेमवाला
दांडिया बाजार, वडोदरा